संपादकांची चरित्रे आणि साक्षीपुरावा

दरवर्षी ६ जानेवारीचा दिवस उजाडला म्हणजे महाराष्ट्रात वृत्तपत्रकर्त्यांच्या गौरवाचे पीक येते. १८३२ साली याच तारखेस बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबईत 'दर्पण' काढले, म्हणून हा दिवस पत्रकारदिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी हारतुरे होतात, पारितोषिके वाटली जातात, आणि कोणा ना कोणा दिवंगत संपादकाचे चरित्र, आठवणी अगर गौरवग्रंथ समारंभपूर्वक प्रसिद्ध होतो. यात वावगे काही नाही. ज्या धंद्यात माणूस आयुष्यभर दुसऱ्यांची नावे छापतो, त्या धंद्यात त्याचे नाव एकदा तरी ठळक टाइपात यावे, ही इच्छा मानुषच म्हटली पाहिजे.

यंदा असेच एक हस्तलिखित प्रस्तावनेसाठी आमच्याकडे आले. एका तालुक्याच्या गावी चाळीस वर्षे साप्ताहिक चालविणाऱ्या गृहस्थांचे ते चरित्र त्यांच्या चिरंजीवांनी मोठ्या भक्तीने लिहिले होते. तीनशे पृष्ठांच्या त्या बाडात मंत्र्यांच्या शेजारी उभे असलेल्या चरित्रनायकाची छायाचित्रे होती, मानपत्रे होती, सत्कारसमारंभांचे साद्यंत वृत्तान्त होते. पण त्या साप्ताहिकास वर्गणीदार किती होते, त्यांतले किती पैसे देत, कागद कोठून व कोणाच्या उधारीवर येई, कोणत्या बातमीमुळे गावातील कोणते दार संपादकास बंद झाले, यांपैकी एकाही गोष्टीचा पत्ता तीनशे पृष्ठांत लागेना. आम्ही ते हस्तलिखित प्रस्तावनेशिवाय परत केले आणि सोबत प्रश्नांची एक यादी जोडली. चिरंजीव दुखावले. आमच्या एका स्नेह्याने तर, 'वकिली सुटली तरी उलटतपासणीची खोड जात नाही' असा टोलाही आम्हांस दिला. तो टोला आम्हांस मान्य आहे. आणि त्या खोडीचे समर्थन करावे म्हणूनच आजचा हा लेख आहे.

वृत्तपत्रकर्त्याचा धंदा इतरांकडे पुरावा मागण्याचा. कलेक्टराने हिशेब दाखवावा, नगरपालिकेने टेंडरे दाखवावीत, पुढाऱ्याने कालच्या व आजच्या भाषणांचा मेळ घालून दाखवावा, असा आग्रह तो रोज धरतो. परंतु त्याच्या स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगण्याची वेळ आली, की ती अत्यंत सैल पुराव्यावर सांगितली जाते आणि वाचकही ती निमूटपणे मान्य करतात. कवीच्या चरित्रात चूक झाली तरी त्याच्या कविता हाती असतात. संपादकाचे तसे नाही. त्याचे लेखन बहुतांशी निनावी, एका दिवसाचे अगर एका आठवड्याचे, आणि अनेक हातांनी मिळून तयार झालेले असते. कोणता अग्रलेख कोणाचा हेच जेथे निश्चित नाही, तेथे चरित्रकाराची जबाबदारी दुप्पट होते.

कायद्याने हा घोटाळा आपल्यापुरता सोडविला होता. १८६७ सालच्या छापखाने व पुस्तके यांविषयीच्या कायद्याप्रमाणे मुद्रक व प्रकाशक यांनी मॅजिस्ट्रेटपुढे प्रतिज्ञापत्र करावे, आणि लेख कोणीही लिहिलेला असो, ज्याचे नाव कागदावर त्याला धरावे, असा हिशेब. हा कायदा इंग्रज गेल्यावरही दीर्घकाळ टिकला. त्याच्या जागी २०२३ सालचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. न्यायासनास यापेक्षा अधिक खोलात जाण्याची गरज नसते. चरित्रकारास मात्र ती असते. १९०८ सालच्या खटल्याचेच पाहा. १२ मे १९०८ च्या 'केसरी'तील 'देशाचे दुर्दैव' हा लेख टिळकांवरील आरोपाचा एक आधारस्तंभ होता. तो लेख खाडिलकरांच्या लेखणीतून उतरला होता, असे पुढे अनेकांनी नमूद केले आहे. टिळकांनी न्यायालयात सहा दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक वेळ स्वतःचा बचाव केला. पण लेखकत्व दुसऱ्यावर ढकलण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही. ज्यूरीचे मत सात विरुद्ध दोन पडले, न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली आणि टिळक मंडालेस गेले. ही गोष्ट लेखकत्वाच्या शंकेसह सांगितली तर टिळक लहान होतात काय? उलट, दुसऱ्याच्या शब्दांचे ओझे आपल्या खांद्यावर घेणारा संपादक म्हणून ते अधिकच मोठे दिसतात. परंतु पुष्कळ भक्तांस वाटते, की नायकाच्या हातून एक ओळ जरी काढून घेतली तरी मूर्ती भंगली.

त्याआधीच्या, १८९७ सालच्या खटल्यात आणखी एक मनुष्य टिळकांच्या शेजारी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता, हे किती वाचकांस ठाऊक आहे? केशव महादेव बाळ हे 'केसरी'चे मुद्रक. टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली, बाळ निर्दोष सुटले. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाच्या कलमातील अप्रीतीचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा लावला, तो अर्थ कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतो. आमच्याही पाठ होता. पण आदल्या रात्री स्वतः छापलेल्या पत्राबद्दल सकाळी पोलिसांच्या स्वाधीन होणारा मुद्रक घरी काय सांगून निघत असेल, हा प्रश्न आम्हांस संपादकाच्या खुर्चीत बसेपर्यंत सुचला नाही, हे कबूल केले पाहिजे. खिळे जुळविणारे, मुद्रिते तपासणारे, टपालात अंक टाकणारे यांच्यावाचून कोणतेही पत्र निघालेले नाही. आणि त्यांच्यावाचून निघाल्यासारखी बहुतेक संपादकांची चरित्रे लिहिली गेली आहेत.

आता डोंगरीच्या प्रकरणाकडे वळू. कारण मराठी पत्रकारांच्या चरित्रवाङ्मयाचे गुण व दोष तेथे एकाच ठिकाणी पाहावयास सापडतात. 'केसरी' व 'मराठा' १८८१ च्या जानेवारीत निघाले आणि पुढच्याच वर्षी दोघांचेही संपादक तुरुंगात गेले. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे हे तरुण शिवाजी महाराजांचा छळ करवितात, असा आरोप या पत्रांनी केला व त्यास आधार म्हणून काही पत्रे प्रसिद्ध केली. बर्व्यांनी अब्रूनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली. तथापि आगरकर व टिळक यांस चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवसांनंतर, २६ ऑक्टोबर १८८२ रोजी, ते सुटले. आगरकरांनी लागलीच 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. पत्रकाराने स्वतःच्या कारावासाची हकीकत स्वतः, आणि ताज्या आठवणीवरून, सांगितल्याचे आपल्या भाषेतील हे फार जुने उदाहरण होय.

पुढील चरित्रकार या प्रसंगाचे काय करतात? बहुतेक जण तुरुंगाचे दार मोठ्या आवाजात वाजवितात आणि बनावट पत्रांवरून पाय न वाजविता पुढे जातात. आमच्या मते खरा धडा त्या पत्रांतच आहे. पंचविशीतले दोन अत्यंत बुद्धिमान पदवीधर, त्यांतील एक तर एलएल. बी., खोट्या कागदांस फसले. का फसले? जे ऐकण्यास मन आतुर होते तेच कागद सांगत होते म्हणून. देशी संस्थानच्या राजाचा छळ होत आहे, ही कथा त्या वेळी जनमनास पटणारी होती. आणि गंमत अशी, की पुढील वर्षीच, डिसेंबर १८८३ मध्ये, त्या दुर्दैवी महाराजांचा अहमदनगर येथे अंत झाला तेव्हा ती कथा लोकांस शंभर हिश्श्यांनी खरी वाटली. लोकभावना एका बाजूस, कोर्टात टिकेल असा पुरावा दुसऱ्या बाजूस, आणि मधोमध अडकलेला संपादक: आमच्या धंद्यातले खरे नाटक हे आहे. आजही प्रत्येक संपादकाच्या मेजावर महिन्यातून एकदा तरी असा एखादा कागद येऊन पडतो. ज्याने डोंगरीचे प्रकरण नीट वाचले असेल तो निदान तो कागद उजेडाकडे धरून पाहील. ज्याने केवळ तुरुंगवासाचे पोवाडे ऐकले असतील तो तसाच छापखान्यात पाठवील.

त्याच खटल्यात जामिनाची गोष्ट आहे. आगरकर-टिळकांसाठी दहा हजारांचा जामीन रामशेठ उरवणे यांनी दिला आणि तो जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून दिला. 'केसरी'च्या मंडळींत व सत्यशोधकांत मतांचे अंतर किती होते हे सांगावयास नकोच. असे असता फुल्यांनी हे केले. ज्या काळात आम्ही या दोन बाजूंस एकमेकांचे हाडवैरी म्हणून रंगवून मोकळे होतो, त्या काळातली ही नोंद आहे. शाळेच्या पुस्तकांतून वाढलेल्या पिढ्यांनी डोंगरीचे नाव ऐकले, उरवण्यांचे नाव ऐकले नाही. जामीनदाराचे नाव वगळणारे चरित्र कोणत्याही वकिलास अपुरेच वाटेल.

आगरकर व टिळक यांच्या फारकतीची कथाही अशीच. आगरकरांनी ऑक्टोबर १८८७ मध्ये 'केसरी' सोडला व पुढील वर्षी गोखल्यांस इंग्रजी बाजू सोपवून 'सुधारक' काढला, ही वस्तुस्थिती. आधी सामाजिक की आधी राजकीय, या एका वाक्यात या भांडणाचा निकाल लावण्याची आपली रीत आहे. वाद तत्त्वाचा होता यात शंका नाही. परंतु टिळकांनी १८९० साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीस दिलेला प्रदीर्घ राजीनामा ज्याने वाचला आहे त्यास ठाऊक आहे, की पगारवाढ, बाहेरची मिळकत, आजीव सभासदाने कितपत कष्ट सोसावेत, असे अगदी घरगुती वाटणारे प्रश्न त्यात पानोपान भरले आहेत. टिळकांचा आग्रह त्यागाचा होता. आगरकरांचा प्रपंच ओढघस्तीचा होता व दम्याने त्यांस ग्रासले होते. दोघेही खोटे नव्हते. पण राजीनामा ही अखेर एका पक्षाची कैफियत होय, आणि ज्यांच्यापाशी दीर्घायुष्य व मोठे पत्र असते त्यांची कैफियत अधिक काळ ऐकू येते. आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, निवर्तले. टिळक त्यानंतर पंचवीस वर्षे जगले, आणि त्यांस नरसिंह चिंतामण केळकरांसारखा चरित्रकार लाभला.

केळकरांविषयी आम्हांस विशेष ममत्व आहे हे लपवीत नाही. तेही एलएल. बी. होते, साताऱ्यास वकिली करीत असता १८९६ साली पुण्यास आले आणि 'मराठा' व 'केसरी' यांत त्यांचे आयुष्य गेले. त्यांचे टिळकचरित्र १९२३ ते १९२८ या काळात तीन खंडांत निघाले. ते वाचताना जागोजाग वकिलाची नजर दिसते: कागद, तारखा, पत्रव्यवहार. दोष एवढाच, की हा वकील एका पक्षकाराचा आहे. त्याच सुमारास सदाशिव विनायक बापट यांनी 'लोकमान्य टिळक यांच्या आठवणी व आख्यायिका' तीन खंडांत गोळा केल्या. त्यात थोरामोठ्यांबरोबर साध्या माणसांच्याही जबान्या आहेत. काही एकमेकींस छेद देतात, काही उघडच भोळ्या आहेत. पण आम्हांस विचाराल तर केळकरांचे तीन खंड वाचणाऱ्याने बापटांचे तीन खंड शेजारी ठेवावेत. सुबक चरित्रात जे निसटते ते पुष्कळदा या विस्कळीत साक्षींत सापडते.

येथवर ज्यांचे चरित्रकार होते त्यांची गोष्ट झाली. ज्यांना चरित्रकारच मिळाले नाहीत, अगर फार उशिरा मिळाले, त्यांचे काय? कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढला. पुढे तो नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईस चालविला. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले. नंतर वासुदेवराव बिर्जे यांनी तो हाती घेतला, आणि १९०६ साली तेही वारल्यावर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी संपादकपद सांभाळले व १९१२ च्या सुमारापर्यंत पत्र चालविले. पुण्याच्या सुशिक्षित घरांतही स्त्रीने सभेत बोलावे की नाही यावर खल चालला होता, त्या काळात एक विधवा बाई वृत्तपत्र संपादीत होती! जगाच्या दुसऱ्या एखाद्या भाषेत असे घडले असते तर तिच्यावर चार ग्रंथ झाले असते. आमच्याकडे तिचे नाव पहिल्या स्त्री-संपादकांच्या यादीत एका ओळीत येते व तेथेच थांबते. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून १९६७ पर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, 'दीनमित्र' चालविला. तोही पुण्यामुंबईतून नव्हे, नेवासे तालुक्यातील तरवडीसारख्या खेड्यातून. खेड्यात छापखाना चालविणे म्हणजे काय, हे ज्याने पावसाळ्यात ओला कागद चुलीपाशी वाळविला आहे त्यासच कळेल. मोठ्या शहरांतील वृत्तपत्रांच्या इतिहासांत या पत्रास जागा मिळाली ती किती, हे वाचकांनीच ताडून पाहावे.

डॉ. आंबेडकरांस चरित्रकार मिळाले. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी तर खंडामागून खंड लिहिले. परंतु त्यांचे संपादकपण अजूनही त्यांच्या इतर थोरवीच्या छायेत झाकलेले राहते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला त्यास शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असल्यामुळे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने 'मूकनायका'ची जाहिरात घेतली नाही, हे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. राष्ट्रीय बाण्याच्या पत्राच्या चरित्रात ही नोंद कोठे घालावयाची? आम्ही राष्ट्रीय पक्षाचेच वारस आहोत, म्हणून हा प्रश्न आम्हीच विचारला पाहिजे. आमच्या मते ती पहिल्या भागात, मोठ्या टाइपात घालावी. १९२७ साली सुरू झालेल्या 'बहिष्कृत भारता'चे चोवीस-चोवीस रकाने आपणास एकट्यास भरून काढावे लागतात, असेही त्यांनी सांगितले आहे. बॅरिस्टराने दिवसा अशिलांचे काम करावे व रात्री चोवीस रकाने भरावेत, यातील श्रम आम्हांस थोडेफार ठाऊक आहेत. त्याच्या चौथाईनेच आमची पाठ दुखते.

आत्मचरित्रांविषयी फार लिहीत नाही. केळकरांच्या 'गतगोष्टी', प्रबोधनकार ठाकऱ्यांची 'माझी जीवनगाथा', अत्र्यांचे 'कऱ्हेचे पाणी' ही वाचकांच्या परिचयाची आहेत, आणि तिन्ही रसाळ आहेत. पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे, की मनुष्याने स्वतःच्या हिताविरुद्ध केलेल्या विधानास अधिक वजन द्यावे. आत्मचरित्र वाचताना आम्ही हेच माप लावतो. लेखकाने आपला विजय सांगितला तर आम्ही पान उलटतो. आपली चूक, आपले कर्ज, आपण छापावयास हवी होती पण न छापलेली बातमी सांगितली, तर पेन्सिलीने खूण करतो. हे माप दुसऱ्यास लावावयाचे तर आधी स्वतःस लावणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या पत्रात एका शिक्षकाविषयी अफरातफरीची बातमी आली. ती खोटी निघाली. बातमी पहिल्या पानावर तीन रकानी होती. दुरुस्ती पाचव्या पानावर, विवाहविषयक जाहिरातींच्या खाली, चार ओळींत दिली. ते पान आम्हीच लावले होते. पुढे आमचे चरित्र कोणी लिहिले, तर या चार ओळी त्यात असाव्यात.

आमच्या प्रश्नांच्या यादीचे काय झाले ते सांगावयाचे राहिले. दोन महिन्यांनी ते चिरंजीव पुन्हा आले. या वेळी त्यांच्याबरोबर त्यांच्या मातोश्री होत्या आणि एक पत्र्याची ट्रंक होती. ट्रेडल यंत्र भंगारात गेले होते, खिळ्यांचे शिसे वजनावर विकले गेले होते. पण ट्रंक माळ्यावर राहून गेली होती. तीत वर्गणीच्या वह्या होत्या, कागदाच्या व्यापाऱ्याची तगाद्याची पत्रे होती, आणि गावातील एका सोसायटीच्या गैरव्यवहाराविषयीचा, कधीही न छापलेला, हस्ताक्षरातला लेख होता. मातोश्रींनी तो ओळखला. "हा ह्यांनी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. ही चौथी प्रत मी उचलून ठेवली," त्या म्हणाल्या. का छापला नाही, असे आम्ही विचारले. त्यांनी मुलाकडे पाहिले. त्या वर्षी मुलाची फी त्या सोसायटीच्या अध्यक्षांनी भरली होती. चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. मग, हे प्रकरण पुस्तकात घातले तर चालेल काय, असे त्यांनी आम्हांस नव्हे, आईस विचारले. आई म्हणाल्या, "घाल. पण फीचंही घाल."

प्रस्तावना आम्ही लिहीत आहोत.